बीटी कपाशीत गुलाबी अळी: बियाणं बोगस की अळीच बदलली?

राळेगावकडच्या एका तरुण कास्तकारानं विचारलंय. आठ एकर कोरडवाहू कपाशी, तीन कंपन्यांचे तीन वाण, सगळे बीटी, म्हणजे बोंडअळीचं विष झाडातच तयार करणारे. दिवाळीपर्यंत पीक डोळ्यांत भरेल असं होतं. नोव्हेंबरात हिरवी बोंडं फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी. दुकानदार म्हणतो बियाणं बोगस लागलं, पुढच्या वर्षी कंपनी बदला. शेजारी म्हणतात अळीला बीटीची सवय झाली. वडील म्हणतात आणखी जहाल औषध मारून पाहू. यातलं खरं काय, आणि येत्या जूनमध्ये कोणती थैली घ्यायची?

भाऊ, मी कीटकशास्त्राची. वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात कपाशीच्या किडींवरच माझं काम चालतं, आणि दर हंगामात हा प्रश्न निरनिराळ्या तोंडून ऐकते. थैलीचं उत्तर शेवटी देते. आधी निदान पाहू, कारण तिघांनी तीन निदानं सांगितली आहेत आणि प्रत्येकाचा खर्च वेगळा आहे. बियाणं बोगस असेल तर तक्रार करायची. अळी बदलली असेल तर कंपनी बदलून काही हाती लागणार नाही. आणि औषध कमी पडलं असेल तरच फवारणी वाढवण्याला अर्थ.

बियाण्याची शंका वावरातच बरीचशी फिटते. बीटी कपाशी तीन बोंडअळ्यांसाठी आली होती: हिरवी म्हणजे अमेरिकन, ठिपक्यांची आणि गुलाबी. तुमच्या शेतात बोंडांवर हिरवी अळी दिसली का? शेंडे वाळवणारी ठिपक्यांची अळी दिसली का? या दोन्ही नाहीत आणि फक्त गुलाबीच आहे, असं असेल तर झाडात बीटीचं विष तयार होतंय आणि त्या दोघींवर चालतंही आहे. बियाणं खरोखर बिगर-बीटी निघालं असतं तर तिघीही दिसल्या असत्या. तरी खात्री करायची तर पानाचा रस काढून पट्टी बुडवायची चाचणी असते, कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. तुमच्या तिन्ही कंपन्यांच्या वाणांत एकच अळी, एकाच महिन्यात निघाली. त्यावरून मला तरी दुकानदाराचं निदान पटत नाही.

आता 'सवय' या शब्दाकडे. बोलायला तो ठीक आहे, पण त्यानं उपाय चुकतो. कोणतीही एक अळी बीटी खाऊन खाऊन निर्ढावत नाही. जी मरायची ती मरतेच. बदलते ती पिढी. बीटीचं विष म्हणजे एक प्रथिन. अळीच्या आतड्याच्या पेशींवर कॅडहेरिन नावाचं दुसरं प्रथिन असतं, त्याला ते चिकटतं, पेशी फुटतात आणि अळी मरते. लाखो अळ्यांत एखादीच्या कॅडहेरिनच्या जनुकात जन्मतःच बिघाड असतो, विषाला तिथं चिकटायला जागा मिळत नाही. बीटी येण्याआधी या बिघाडाचा काहीच फायदा नव्हता, उलट थोडा तोटाच. सगळीकडे बीटी लागल्यावर मात्र तीच अळी वाचते, तिचाच पतंग होतो, आणि तिचीच अंडी पुढच्या बोंडावर पडतात. भारतातल्या शेतांमधून गोळा केलेल्या प्रतिकारक गुलाबी अळ्या तपासल्या तेव्हा कॅडहेरिनमध्ये एकच नाही, अनेक वेगवेगळे बिघाड सापडले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मला तो फार बोलका वाटतो, कारण निवड होण्यासाठी अळीकडे एकच वाट नव्हती, अनेक होत्या. हे झालं क्राय१एसी या पहिल्या विषाचं. नंतर त्याच्या जोडीला आलेल्या दुसऱ्या विषाचं, म्हणजे क्राय२एबीचंही तेच झालं. तिथं एबीसीए२ हे वेगळं जनुक बिघडलेलं आढळलं.

हे सगळं किती लवकर झालं ते पाहा. एका जनुकाची बीटी कपाशी भारतात २००२ मध्ये आली, दोन जनुकांची २००६ मध्ये. पहिल्या विषाला गुलाबी अळी दाद देत नाही हे गुजरातेतून २०१० मध्ये जाहीर झालं. पुढच्या चार-पाच वर्षांत दोन जनुकांची कपाशीही तिथं पोखरली जाऊ लागली, आणि गुलाबी अळीनं खाल्लेला २०१७ चा हंगाम विदर्भात कोणी विसरलेलं नाही.

मग तुमचा खरा प्रश्न असा: हिरव्या अळीवर बीटी अजून बऱ्यापैकी चालतं, मग गुलाबीच का सुटली? याची कारणं आपल्या शेतीच्या पद्धतीत आहेत, आणि ती समजली की काय करायचं ते आपोआप सुचतं.

पहिलं म्हणजे तिचं खाणं. हिरवी अळी तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, टोमॅटोवर जगते. आपल्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी असतातच. तिथं वाढलेल्या अळ्यांना बीटीचा कधी स्पर्शच होत नाही, त्यामुळे विषाला बळी पडणारे पतंग दरवर्षी भरपूर तयार होतात आणि वाचलेल्या प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संयोग होतो. होणाऱ्या पिलांना बिघडलेलं जनुक एकाच बाजूनं मिळतं, आणि विष पुरेसं असेल तर ती पिलं मरतात. प्रतिकार यानंच दबून राहतो. गुलाबी अळी मात्र जवळपास फक्त कपाशीवर जगते. थोडीफार भेंडीवर सापडते, पण तेवढ्यानं काही होत नाही. तुरीचा तिला काहीच उपयोग नाही. तिच्यासाठी बिगर-बीटी आसरा म्हणजे बिगर-बीटी कपाशीच, आणि ती आपण लावली नाही. बीटीच्या थैलीसोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटीची छोटी पुडी यायची, ती धुऱ्याला लावायची होती. किती कास्तकारांनी लावली हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. मी त्यांना दोष देत नाही. ज्या ओळी अळीला खाऊ घालायच्या त्यांच्यावर खत-मजुरी का घालायची, याचं कारण त्यांना कुणी बसून सांगितलंच नव्हतं. आता ४७५ ग्रॅमच्या थैलीत हे बियाणं मिसळूनच येतं.

दुसरं कारण बोंडाच्या आतलं आहे, आणि ते फारसं बोललं जात नाही. वीस-पंचवीस दिवसांचं एक हिरवं बोंड घ्या आणि चिरा. वरून काहीच दिसणार नाही, कारण अळी आत शिरली तेव्हा केसाएवढी होती आणि ते छिद्र बोंड वाढताना बुजून गेलं. सालीच्या आतल्या बाजूला मात्र पुळीसारखा उंचवटा किंवा नागमोडी रेघ दिसेल. ओल्या कापसाला तपकिरी डाग असेल आणि सरकीत अळी. लहान असेल तर पांढुरकी, मोठी झालेली असेल तर अंगावर गुलाबी पट्टे. ती खाते काय? सरकी. आता ही सरकी म्हणजे झाडाची पुढची पिढी. आपली बीटी कपाशी संकरित असते आणि सहसा एकाच पालकाकडून बीटी जनुकं आलेली असतात. झाडाच्या पानात दोन्ही विषं असतात, पण बोंडातल्या सरकीत जनुकं वाटली जातात. सोळा सरक्यांपैकी सरासरी नऊंत दोन्ही विषं, तिनांत फक्त एक, आणखी तिनांत फक्त दुसरं, आणि एकीत काहीच नाही. एका बोंडात साधारण तीसेक सरक्या धरल्या तर दोनेक सरक्या पूर्ण बिनविषारी आणि दहा-बारा अर्ध्या विषाच्या. पान खाणाऱ्या अळीला याचा फरक पडत नाही. गुलाबी अळी या सरकीतून त्या सरकीत जाते. तिला कुठं पूर्ण मात्रा, कुठं अर्धी, कुठं शून्य मिळते. जी पिलं एकाच बाजूनं बिघाड घेऊन आली होती आणि पूर्ण मात्रेत मेली असती, त्यांनाही इथं वाचायची संधी मिळते. त्यात भर म्हणजे पीक म्हातारं होतं तसं झाडातलं विष उतरतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं होतं की साधारण ११० दिवसांनंतर क्राय१एसीचं प्रमाण बरंच खाली जातं. जूनअखेर पेरलेल्या कपाशीचे ११० दिवस ऑक्टोबरच्या मध्याला भरतात. तुमची अळी नोव्हेंबरात दिसली.

तिसरं कारण हंगामाची लांबी. महिना-सव्वा महिन्यात तिची एक पिढी होते. डिसेंबरात उलंगवाडी केली, म्हणजे पीक संपवून वावर मोकळं केलं, तर तिला हंगामात तीन-चार पिढ्या मिळतात. ओलीत आहे म्हणून फरदड, म्हणजे तेच पीक पाणी देऊन पुढं चालवलेलं, मार्च-एप्रिलपर्यंत ठेवली तर आणखी दोन-तीन, आणि त्याही सर्वांत वाचलेल्या, सर्वांत प्रतिकारक अळ्यांच्या. शिवाय थंडी पडून दिवस लहान झाले की बरीचशी अळी कोषात जात नाही. ती झोपून राहते, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात, वाळक्या बोंडात, जमिनीतल्या कचऱ्यात, कित्येक महिने. पाऊस पडून हवा दमट झाली की पतंग बाहेर येतात.

जगात याच अळीच्या दोन वेगळ्या गोष्टी घडल्यात, त्या इथं सांगायलाच हव्यात. अमेरिकेतल्या ॲरिझोनात बीटी कपाशी १९९६ मध्ये आली, आपल्या सहा वर्षं आधी. तिथल्या शेतकऱ्यांनी बिगर-बीटी पट्टे खरोखर लावले आणि दहा वर्षं अळी बीटीला बळी पडतच राहिली. पुढं २००६ पासून विमानातून नपुंसक पतंग सोडले गेले; २०१४ पर्यंत असे अब्जावधी पतंग सोडले. शेतातल्या माद्या नपुंसकांशी संयोग करून वांझ अंडी घालत राहिल्या. शेवटी २०१८ मध्ये अमेरिकेच्या कपाशीच्या पट्ट्यातून गुलाबी अळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. तिथले कीटकशास्त्रज्ञ ब्रूस टॅबॅशनिक आणि त्यांच्या गटानं हे सगळं बारकाईनं नोंदवलंय. आपल्याकडे विमानं आणि कारखान्यातले पतंग हे लगेच होणारं नाही, आणि तिथलं शेत शेकडो एकरांचं असतं. म्हणून मला चीनचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. यांग्त्से नदीच्या खोऱ्यात प्रतिकार वाढायला लागला होता. तिथल्या कास्तकारांनी संकरित बीटीची दुसऱ्या पिढीची सरकी पेरायला सुरुवात केली, ती स्वस्त पडायची म्हणून. त्या बियाण्यात चारातलं एक झाड आपसूक बिगर-बीटी निघतं. वावरभर विखुरलेला आसरा तयार झाला आणि अळीतला प्रतिकार उलट खाली आला. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सहा प्रांतांतली अकरा वर्षांची आकडेवारी आहे. तुम्ही दुसऱ्या पिढीची सरकी पेरा असं मी म्हणत नाही, विदर्भाच्या कोरडवाहूत उत्पन्न मार खातं. घ्यायचं ते एवढंच: विष नसलेली कपाशी आसपास असेल तर प्रतिकार मागे फिरू शकतो, कारण प्रतिकारक अळीला त्या बिघाडाची किंमत मोजावी लागते.

आपल्याकडे तो किती मागे फिरेल, हे परिस्थितीवर आहे. जिथं जवळपास सगळ्याच अळ्या प्रतिकारक झाल्या आहेत, तिथं पाच-दहा टक्के मिसळलेल्या बियाण्यानं एक-दोन हंगामांत चमत्कार होणार नाही. म्हणून आज माझा भर विषापेक्षा तिच्या साखळीवर आहे. तिला फक्त कपाशी लागते. याच हेकेखोरपणानं तिनं बीटी पचवलं, आणि यातच तिची कमजोरी आहे: चार-पाच महिने गावात कपाशीच नसेल तर तिला जायला दुसरी जागा नाही.

तुमचं कोरडवाहू आहे, तेव्हा फरदडीचा मोह तुम्हाला कमी. शेवटची वेचणी डिसेंबरअखेर संपवा आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, उपटा. त्याआधी मेंढपाळ येत असतील तर शेळ्या-मेंढ्या वावरात बसवा, राहिलेली बोंडं त्या साफ करतात. आता अडचणीची गोष्ट. पऱ्हाटी आपल्याकडे सरपण आहे. घरामागे, गोठ्याजवळ रचलेली पऱ्हाटीची गंजी वर्षभर चुलीला पुरते, आणि त्या गंजीत न फुटलेली शेकडो बोंडं असतात, त्यात झोपलेल्या अळ्या. पऱ्हाटी जाळून टाका किंवा फेकून द्या असं मी कधी सांगत नाही. ज्या घरात गॅस रोज परवडत नाही तिथं तो सल्ला चालत नाही. रचण्याआधी बोंडं तोडून वेगळी करून जाळा, आणि उरलेलं सरपण जूनच्या आत संपवा. घरच्या बायांना यामागचं कारण एकदा सांगितलं की त्या हे काम पुरुषांपेक्षा नेटानं करतात, हे मी गावोगाव पाहिलंय.

पेरणी पावसानंतरच, चांगला पंच्याहत्तर-शंभर मिलिमीटर झाल्यावर. मे महिन्यात ठिबकवर लावलेल्या कपाशीला पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या, लवकर लागतात, आणि जूनच्या पावसात निघालेल्या पतंगांना नेमकी तीच हवी असतात. पाती नसतील तर ते पतंग अंडी घालायला जागा न मिळता मरतात. गावात एखाद्याची जरी मे महिन्यातली लागवड असली तरी पहिली पिढी तिथं पोसली जाते आणि ऑगस्टात तुमच्याकडे येते. जवळपास जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, असेल तर तिथूनही पतंग येतात, त्यामुळे जिनिंगच्या आवारात उन्हाळ्यात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे, लागले पाहिजेत. ते तुमच्या एकट्याच्या हातात नाही, ग्रामपंचायतीतून बोला.

हंगामात एकरी दोन कामगंध सापळे पुरेत, पण ते रोज सकाळी मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग अडकले, की उपाय सुरू करायचा. सोबत दर आठवड्याला वावरातून वीस हिरवी बोंडं तोडून चिरा; दोनमध्ये जिवंत अळी निघाली तर ते दहा टक्के झालं. फुलं लागल्यावर डोमकळ्या शोधा, पाकळ्या न उमलता गुलाबासारख्या एकमेकींत गुंतलेल्या. त्या तोडून तिथंच चिरडा. पहिल्या डोमकळ्यांवर मजुरी घातली तर पुढच्या पिढीवर फवारणी कमी लागते. अळीच्या अंड्यांत वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा या परोपजीवी मित्रकीटकाची कार्डं मिळाली तर लावा, पण मग त्या काळात फवारणी नको. संयोगात अडथळा आणणारे कामगंधाचे धागे आता मिळतात, ते आठ एकरांत एकट्यानं लावण्यापेक्षा शिवारातल्या सलग शेतांत सगळ्यांनी लावले तर कामी येतात, कारण बाहेर संयोग झालेली मादी उडून तुमच्याकडे येतेच.

आता वडिलांचं जहाल औषध. कृपा करून त्यांना हे वाचून दाखवा. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारणी पोचत नाही. अंड्यातून निघून बोंडात शिरेपर्यंतचा थोडासा वेळच काय तो मिळतो, म्हणून सापळा पाहून वेळ साधायची असते. नोव्हेंबरात अळी आत दिसल्यावर मारलेलं औषध त्या अळीसाठी नाहीच. ऑगस्ट-सप्टेंबरात सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारलं तर पांढरी माशी उसळते आणि मित्रकीटक संपतात. आणि औषधांनाही प्रतिकार येतो, नियम तोच, जो वाचेल त्याची पिढी. तीन-चार औषधं एका पंपात मिसळून मारायची पद्धत तर बंदच करा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कास्तकार आणि मजूर दगावले. त्या वर्षी उंच, दाट वाढलेल्या कपाशीत लोक डोक्यावरून फवारत होते. अळीपेक्षा माणूस मोठा आहे, हे मला इथं सरळ शब्दांत लिहायचंय.

थैलीबद्दल. कंपनी बदलून गुलाबी अळीत फरक पडणार नाही, कारण बाजारातल्या बहुतेक बीटी संकरित वाणांत जनुकं तीच दोन. फरक पडतो कालावधीचा. दीडशे-एकशेसाठ दिवसांच्या आत मोकळा होणारा वाण घ्या, उशिरापर्यंत बोंडं धरत राहणारा नको, दुकानदार त्याची कितीही तारीफ करो. जमीन हलकी असेल तर एक-दोन एकर लवकर येणारं सरळ, म्हणजे संकरित नसलेलं, वाण सघन म्हणजे जवळ-जवळ लागवडीनं लावून पाहा, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची आणि नागपूरच्या संस्थेची अशी वाणं आहेत. त्यात बीटी नसेल तर हिरव्या आणि ठिपक्यांच्या अळीवर नजर ठेवावी लागेल, हे धरून चाला. पण ते दोन एकर बाकीच्या सहा एकरांसाठी आसराही ठरतील. जमीन भारी, ओलिताची, तूर-कपाशी पाच महिन्यांच्या पुढे जाणारी असेल तर हा सल्ला तसाच लागू पडणार नाही. तिथं कपाशी डिसेंबरात काढून हरभरा किंवा गहू घेण्याचा हिशेब मांडून पाहा. कवडी, म्हणजे किडक्या-डागाळलेल्या, कापसाला मिळणारा भाव, शेवटच्या दोन वेचण्यांची मजुरी आणि दोन फवारण्यांचा खर्च एका बाजूला लिहिला तर बऱ्याच जणांना फरदडीत काही उरत नाही हे कागदावर दिसतं.

आत्ता नोव्हेंबर आहे. उरलेल्या हिरव्या बोंडांपैकी वीस तोडा, चिरा, किती किडली ते लिहा. निम्म्याहून जास्त किडली असतील तर आणखी एका वेचणीची वाट न पाहता पऱ्हाटी काढायला घ्या आणि रब्बीचं बघा. त्याहून कमी असतील तर फुटलेला कापूस वेचून घ्या, किडका वेगळ्या पोत्यात भरा, आणि डिसेंबरची तारीख शेजारच्या चार जणांशी बोलून एकच ठरवा.